शंभर फेरे

दस्तगीरचाचांना कुणी काहीही कौतुकानं सांगायला गेलं, की हातातलं काम न थांबवता ते एकच विचारत, "किती वेळ?" भोसरीच्या आमच्या गणपत पैलवानानं भरलेलं पिंप खांद्यावर उचललं. "किती वेळ?" मोठे साहेब आज भलतेच खूश आहेत. "किती वेळ?" शेडमधली माणसं खो खो हसत. मला मात्र संताप येई. एवढं काय खोचून बोलायचं, असं वाटे.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. चिंचवडच्या माळावर आमचा कारखाना नुकता उभा राहत होता. मी डिप्लोमा करून विजेच्या खात्यात सुपरवायझर म्हणून रुजू झालो होतो. वय बावीस, पाय जमिनीला लागत नव्हते. चाचा माझ्या हाताखालचे मिस्त्री. थेरगावचे, पन्नाशीचे, बारीक चणीचे, दम्यानं छातीची शिट्टी वाजायची. खडकीच्या लष्करी वर्कशॉपात वीस वर्षं वायरी ओढून आलेले. मला ते 'साहेब' म्हणत आणि त्या 'साहेब'मध्ये थोडी गंमत असे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. शेगडीनं एक किलोवॅट वीज खाल्ली, असं मी लिहिलं होतं.

"साहेब, ह्ये चुकलं. थेरगावहून निगालो आन ताशी चार मैल आलो, आसं कुणी म्हनतं व्हय? ताशी चार मैल ही चाल झाली. पर चाललो किती? वॅट म्हंजी आत्ता, या घडीला, केवढा जोर चाललाय. त्याला तासांनी गुना, मंग कळंल एकूण लागलं किती. शंभराचा दिवा धा तास जाळा, न्हाईतर हजाराची शेगडी येक तास. युनिट येकच."

"माहीत आहे मला," मी फटकारलं. खोटं नव्हतं ते. परीक्षेत लिहिण्यापुरतं माहीत होतंच.

कारखान्यासाठी विहीर खणायचं काम चालू होतं. एका सकाळी नऊच्या सुमाराला तिची एक बाजू खचली. बाकीचे वर पळाले. बीडकडून आलेला शंकर तेवढा खाली राहिला. दोन मोठ्या दगडांच्या बेचक्यात तो जिवंत होता, पण डोक्यावर माती-दगडांचं बूच बसलं होतं. पंपाचा लोखंडी पाइप आधीच खाली सोडलेला होता, म्हणून त्यातून आवाज तरी येत होता. "मालक, जीव घुसमटतोय," तो म्हणत होता. एकेक दगड हातानं काढायचा म्हणजे पाच-सहा तास लागणार, असं मुकादम म्हणाला.

चाचा त्या वेळी सामान आणायला खडकीला गेले होते. शेडमध्ये बॅटरीवर चालणारे दोन ब्लोअर होते. एक शंभर वॅटचा, एक हजाराचा. बॅटरी एकच. मी मोठा ब्लोअर उचलला. माणूस मरतोय आणि छोटा कसला लावता! पाइपच्या तोंडाला तो बसवला, हवा सूं सूं करत खाली गेली, शंकर खालून ओरडला, "आला, वारा आला!" लोकांनी माझी पाठ थोपटली. खरं सांगतो, माझी छाती फुगली होती.

अर्ध्या तासात ब्लोअरचा आवाज बसत गेला आणि थांबला. पाइपमधून शंकरचा आवाज आला, "मालक, वारा बंद झाला." ते शब्द आजही माझ्या कानातून जात नाहीत. बॅटरी थंड पडली होती. कारखान्याची वीज विहिरीपासून अर्धा मैल दूर होती.

तेवढ्यात चाचांची सायकल आली. त्यांनी मुकादमाला विचारलं, "दगड काडाया किती वेळ?"

"अजून चार-पाच तास."

मग माझ्याकडे वळून, "ब्लोअर किती वेळ चालला?"

"अर्धा तास," मी म्हणालो. छोटा लावला असता तर पाच तास पुरला असता. हा गुणाकार मला तिथं उभ्याउभ्या सुचला.  चाचांनी लोहाराच्या भट्टीचा हातानं फिरवायचा पंखा उचलून आणवला आणि पाइपला जोडला.

गणपतनं दांडा धरला आणि असा फिरवला की पंखा किंचाळायला लागला. चाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आस्ते. येवढा जोर नगं. शंभर फेरं झालं की सोडायचं."

"चाचा, दम आहे अजून."

"दम हाय म्हनूनच सोड. फुडच्या पाळीला लागंल."

त्यांनी बारा माणसं ओळीत उभी केली. स्वतः शेजारी उकिडवे बसून, पाइपमधून शंकरला ऐकू जाईल असं मोठ्यानं मोजत राहिले. शंभर झाले, की पाठीवर हात आणि तोच शब्द, "सोड." कुणाला जास्त फिरवू दिलं नाही, कुणाला कमी. तेरावी पाळी ते स्वतः घेत. छातीची शिट्टी वाजत असायची, मी थांबवायला गेलो तर हातानंच बाजूला सारत. दर थोड्या वेळानं पाइपशी वाकून ते हाक मारत, "शंकर, हायेस न्हवं?"

"हाय, चाचा."

तीनच्या सुमाराला दगड निघाले आणि शंकर वर आला. पाणी मागितलं, चाचांचे पाय धरले. मी शेडमागे जाऊन रडलो. चाचा शोधत आले आणि शेजारी बसले.

"साहेब, मन चांगलं व्हतं तुमचं. मोजमाप चुकलं. मोजमाप शिकता येतं."

त्यानंतर तीन वर्षांनी दम्यानं चाचांना नेलं. थेरगावात जनाजा निघाला. खांदा द्यायला गर्दी होती. चार पावलं झाली की माणूस बदलत होता. शंकर तेवढा पुढचा दांडा सोडेना. घामानं निथळत होता. चाचांचा भाऊ म्हणाला, "भाऊ, दुसऱ्यांनाबी द्या." शंकरनं नाही म्हणून मान हलवली.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"शंकर, शंभर झाले. सोड."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग हुंदका देऊन बाजूला झाला. त्याच्या जागी मी खांदा दिला आणि पावलं मोजत चाललो. शंभर भरली, तरी मला सोडवेना. तेव्हा मागून शंकरनंच माझ्या पाठीवर हात ठेवला.