लोखंड नसलेली गोळी

"यात लोखंड आहे. नलगे."

काकू औषधाचं खोकं डोळ्यांपासून हातभर लांब धरायच्या, उलटं करायच्या आणि मागच्या बारीक अक्षरांवर अंगठ्याचं नख टेकवायच्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. लोहाला इंग्रजीत काय म्हणतात तेवढा एक शब्द त्यांनी मुलाकडून घोटून घेतला होता. तो सापडला की खोकं काउंटरवर आपटायचं. अशी सात-आठ खोकी आपटून झाली की मला म्हणायच्या, "काय गे, एवढं दुकान मांडलंस आणि एक धड गोळी नाही?"

कुंभकोणमला माझं औषधांचं दुकान आहे. वडिलांमागे मीच चालवते. आमच्या गल्लीत थोडी मराठी घरं आहेत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. त्या घरांमध्ये काकू सर्वांत मानाच्या, निदान त्यांचं स्वतःचं तरी तसं मत होतं. त्यांचे कोणी पूर्वज तंजावरच्या दरबारात होते. तिथे ते नेमकं काय करत, असं विचारलं की काकू कॉफी टाकायला उठायच्या. दरबारातल्या आता दोनच गोष्टी उरल्या होत्या, ताठ मान आणि गोरा रंग. पोटापाण्याला मुलाचं पितळी भांड्यांचं दुकान होतं.

मुलानं सून आणली ती जवळच्याच चोळपुरम गावची. आमच्यातलीच, शिकलेली, हसरी, पण सावळी. लग्नात काकू फोटोवाल्याला सर्वांदेखत म्हणाल्या, "तिच्यावर उजेड अंमळ जास्त मार." आम्ही सगळे हसलो. मीही हसले. ती मुलगीसुद्धा हसली, आणि तिथेच ती मला आवडली.

वर्षभरात तिला दिवस गेले आणि काकूंची गोळ्यांची निवड सुरू झाली. आमच्याकडे जुन्या बायकांची एक समजूत आहे, लोहाच्या गोळ्या खाल्ल्या की बाळ काळं होतं. त्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं हे खरंच आहे. तेवढ्या पुराव्यावर काकूंनी निकाल देऊन टाकला होता.

"काकू, पोरीचं रक्त कमी आहे," मी म्हणाले.

"बीट खाऊ घालते."

"डॉक्टरणीनं लिहून दिलंय."

"डॉक्टरणीचा रंग पाहिलास?"

सरकारी नर्स घरी येऊन लोहाच्या गोळ्या फुकट देऊन जायची. काकू तिला पितळी पेल्यातून कॉफी पाजायच्या, गोळ्या हसून घ्यायच्या आणि ती वळली की एकेक गोळी कढीपत्त्याच्या कुंडीत खोचायच्या. मला गच्चीवर नेऊन त्यांनी ते झाड दाखवलं होतं. "बघ, झाड कसं काळंभोर झालं. मग पोटातल्या लेकराचं काय होईल?"

तुम्ही हसाल. मीही घरी जाऊन ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली होती.

शेवटी त्यांना मनासारखी गोळी मिळाली. जीवनसत्त्वं सगळी, लोह नाही, आणि खोक्यावर गुलाबी बाळाचं चित्र. "हे बघ, असं," त्या चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या. चिठ्ठीवर लिहिलेली गोळी बाजूला ठेवून मी ती दर महिन्याला देत राहिले. मी औषधांचंच शिकलेली बाई. मला कळत नव्हतं असं नाही. पण काकूंशी वाकडं म्हणजे निम्म्या गल्लीशी वाकडं.

सहाव्या महिन्यात ती मुलगी एकटी आली. दुपारची वेळ, दुकानात कोणी नव्हतं. काउंटर दोन्ही हातांनी धरून ती उभी राहिली. ओठ पांढरे पडले होते. दोन जिने चढून आल्यासारखी धापा टाकत होती. आमच्या दुकानाला एकच पायरी आहे.

"अक्का, ती चिठ्ठीतली गोळी द्या. घरी सांगू नका."

मी दिली. चार दिवसांनी काकू ती स्ट्रिप घेऊन दारात उभ्या. सुनेच्या ब्लाउजांच्या घडीत सापडली होती. दोन गोळ्या खाल्लेल्या, आठ शिल्लक.

"माझ्या घरात चोरी शिकवतेस?" गिऱ्हाइकांसमोर त्या ओरडल्या. "तुज लेकरू नाही. तुज काय ठाऊक?"

एवढं ऐकल्यावर मी तोडून बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "चुकलं, काकू," आणि स्ट्रिप परत घेऊन खणात टाकली.

आठव्या महिन्यात ती मुलगी पुन्हा आली. हातात हिरव्या बांगड्या, डोहाळजेवणात भरलेल्या. काही मागण्याआधीच मी म्हणाले, "नको बाई, तुमच्या घरात उगाच भांडण नको." ती "सरि अक्का", बरं अक्का, एवढंच म्हणाली. पायरी उतरताना तिनं दाराची चौकट धरली. मी पुढच्या गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध काढून दिलं.

मुलगी झाली. रक्त थांबेना. मुळात अंगातच नव्हतं, गेलेलं भरून कुठून निघणार? रक्ताच्या पिशव्या आल्या तोवर उशीर झाला होता. बाळ आईच्याच रंगाचं होतं.

महिन्याभरानं काकू दुकानात आल्या. संध्याकाळची वेळ, पाच-सहा माणसं उभी. केस विंचरलेले नव्हते. खोकी मागितली नाहीत. काउंटरपाशी येऊन हळूच म्हणाल्या, "एक विचारू गे? त्या गोळ्या दिल्या असत्या, तर वाचली असती का?"

खरं उत्तर असं होतं की कोणालाच सांगता येणार नाही. आणखी खरं असं की काकूंना समजत नव्हतं, मला समजत होतं, आणि तरी मी तिला हात हलवत परत पाठवलं. पण त्या मला सगळ्यांसमोर ओरडल्या होत्या, आणि मला लेकरू नाही हेही सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. मी मोठ्यानं, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाले, "वाचली असती. तुम्ही मारलीत तिला."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या माणसाला विचारलं, "काय हवंय?"

माझं वाक्य त्याच रात्री गल्लीभर झालं. चोळपुरमची माणसं आली आणि बाळाला घेऊन गेली. मुलानं अडवलं नाही. नंतर काकूंना कोणी बारशाला बोलावलं नाही, डोहाळजेवणाला तर नाहीच. गरोदर बाई समोरून आली तर काकू स्वतःच रस्ता ओलांडून पलीकडे जायच्या. मी दुकानातून पाहायची. वाईट वाटायचं का? सुरुवातीला नाही. सुरुवातीला गार वाटायचं.

दुकान मात्र चांगलं चाललं. सासवा सुनांना घेऊन माझ्याकडे येतात, म्हणतात, तू तोंडावर खरं सांगतेस, तूच निवडून दे. मी लोहाची गोळी काढून देते. कोणी हुज्जत घालत नाही.

गेल्या वर्षी काकू वारल्या. मी गेले तेव्हा बायकांनी सरकून मला पुढे जागा दिली. काकू चटईवर होत्या, फारच लहान दिसत होत्या. चोळपुरमहून त्या मुलीची आई आली होती, चार वर्षांच्या नातीला घेऊन. मला पाहताच ती उठली आणि माझे दोन्ही हात तिनं आपल्या हातांत घेतले.

"माझ्या लेकीसाठी तुम्ही एकट्याच बोललात," ती म्हणाली आणि रडू लागली.

तिचं रडणं संपेपर्यंत मी हात तसेच राहू दिले.