त्या दशकाला घाई कसली होती?

रंजनाबाईंचा आवाज पहिल्या अंतऱ्यातच फुटला. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि खाली बघत बसल्या. घड्याळात दहा वीस झाले होते. अकराला आम्ही लाइव्ह जाणार होतो.

"पुन्हा घेऊ या का?" मी विचारलं.

"घेऊन काय होणार अक्का? तेवढ्या वर जातच नाही आवाज."

काचेपलीकडे आमचे स्टेशनहेड पराग सर उभे होते. त्यांनी मला अंगठा दाखवला. त्यांना वाटलं, रिहर्सल झकास चालली आहे.

मी जळगावातल्या एका एफएम स्टेशनवर काम करते. आधी लायब्ररीत होते, म्हणजे गाणी जमवायची, कॉम्प्युटरवर चढवायची, याद्या ठेवायच्या. पुढे तोंड बरं चालतं म्हणून माइकसमोर बसवलं. श्रोते मला अक्का म्हणतात. माझा 'खरं सांगू का' हा कार्यक्रम चालला तो माझ्या गोड बोलण्यामुळे नाही. दोन हजार ते दहा या दशकात आपल्या खान्देशात गाजलेली गाणी, म्हणजे कॅसेट आणि व्हीसीडीवरची अहिराणी गाणी, मी एकेक करून वाजवायचे आणि मग त्यावर माझं मत द्यायचे. क्रमवारी आमचीच. जळगाव, धुळे, अमळनेरच्या जुन्या कॅसेटवाल्यांना फोन करून, कुणाची कुठली कॅसेट किती खपली ते विचारून लावलेली. मतं मात्र सर्वस्वी माझी. नवरीच्या मामाची टर उडवणारं गाणं, केळीच्या बागेत भेटायला बोलावणारं गाणं, नव्या मोटरसायकलवर मिरवणाऱ्या मेव्हण्याचं गाणं, कुणालाच मी सोडलं नव्हतं. माझा एक सिद्धांतही तयार झाला होता. त्या दशकाला घाई झाली होती. ढोलकी धावते, गाणारे धापा टाकतात, आवाज चिरका. "लोकांच्या हातात पैसा आला, गाण्यातून सबुरी गेली," असं मी दर आठवड्याला ऐकवायचे. दोघातिघांनी कळवलंही होतं की अक्का, हे गाणं तुमच्याकडे जरा फास्ट वाजतं. त्यांना मी एअरवरच सुनावलं होतं, की आठवणीतलं गाणं नेहमी संथच असतं.

रंजनाबाईंचं गाणं क्रमवारीत पहिलं आलं. लग्नाचं गाणं. सासरी निघालेली मुलगी आईला म्हणते, माझी आठवण आली तर चुलीशी बोल. शब्द छान. पण आवाज ऐकून माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "हा बाईचा आवाजच नाही. कॉम्प्युटरने उंच केलेला आवाज आहे. या बाईंना स्टेजवर उभं करा, पहिल्या ओळीत पितळ उघडं पडेल."

ती क्लिप चार दिवसांत सगळीकडे फिरली.

रंजनाबाई अमळनेरच्या. अंगणवाडीत सेविका आहेत. विहारात, जयंतीला गातात. व्हीसीडीवर त्यांच्या गाण्यावर दुसरीच एक मुलगी नाचली आणि ओठ हलवले. यांचं नाव शेवटी बारीक अक्षरात येऊन गेलं. अख्ख्या खान्देशात लग्नालग्नांत हे गाणं वाजलं, पण गाणारी कोण हे कुणाला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांनी धुळ्याच्या एका मंडळाने त्यांना कार्यक्रमाला बोलावलं होतं. पोस्टरवर नाव आणि फोटो येणार होता. आयुष्यात पहिल्यांदा. तेवढ्यात माझी क्लिप आली. मंडळाचे आबा त्यांना म्हणाले, "रेडिओवर गाऊन दाखवा. नाहीतर आम्ही दुसरी बाई बघतो. त्यांच्या पुढच्या कार्यक्रमाच्या दिवशी बारा वाजता पोस्टर छापायला जायचं आहे."

त्यांनी स्टेशनला फोन केला तो भांडायला नाही. "मला एकदा गाऊ द्या," एवढंच म्हणाल्या. पराग सरांना तर लॉटरी लागली. "बोलवा त्यांना. लाइव्ह. आधी ओरिजिनल वाजवायचं, मग त्या गातील. श्रोते ठरवतील!"

मी नको म्हणायला हवं होतं. पण म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं, गाऊ दे, माझंच खरं ठरेल.

आणि आता तेच होत होतं. रंजनाबाई घाम पुसत बसल्या होत्या आणि मला बरं वाटत नव्हतं. समोर बसलेल्या माणसाची फजिती बघणं वेगळं आणि माइकवरून टोमणे मारणं वेगळं.

कोपऱ्यात आमची पेटी होती, भजनांच्या रेकॉर्डिंगसाठी ठेवलेली. रंजनाबाई उठल्या आणि पेटीपाशी बसल्या. "जरा लावा बरं ते गाणं. हळू आवाजात."

मी लावलं. त्या एकेक पट्टी दाबून बघू लागल्या. पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा सा जिथे ठरतो ती जागा. पेटीवर काळ्यापांढऱ्या पट्ट्या असतात, म्हणून काळी चार, पांढरी सहा अशी नावं. त्यांनी पांढरी सहा दाबली. गाणं तिच्या थोडं वर. काळी पाच दाबली. गाणं तिच्या थोडं खाली.

"अक्का, हे कुठल्याच पट्टीत बसत नाही. मधेच लटकतंय."

"म्हणजे तुम्ही बेसूर गायलात," मी म्हणाले. सवय जात नाही.

"मी बेसूर असेन. पेटी कशी बेसूर असेल? या गाण्यात पेटी वाजतेय ना? आम्ही काळी चारात गायलो होतो. माझ्या अजून ध्यानात आहे. आणि इतकी घाई? एवढ्या घाईत कुणी लेक सासरी धाडतं का?"

मी कॉम्प्युटरकडे वळले.

जुन्या छोट्या स्टुडिओंमध्ये वायरिंग धड नसायचं. त्यामुळे गाण्याच्या तळाशी विजेची बारीक घरघर टेपवर उतरायची. आपली वीज सेकंदाला पन्नासदा हेलकावते, म्हणून ती घरघर पन्नासच्या आसपासच असते. गाणारा चुकेल, वीज चुकत नाही. कॉम्प्युटरवर ही घरघर मोजता येते. मी गाणं सुरू होण्याआधीचा दोन सेकंदांचा तुकडा कापला आणि मोजला. आकडा आला साडेचोपन्न.

म्हणजे गाणं जोरात धावत होतं. रंजनाबाई नव्हे. आमची कॅसेट. टेप जोरात धावली की सूरही वर चढतो.

ही कॅसेट कॉम्प्युटरवर चढवली कोणी? मीच. स्टेशन नवीन असताना दोन खोकी भरून कॅसेट आल्या होत्या. मधेच डेकचा, म्हणजे कॅसेट वाजवायच्या मशीनचा, रबरी पट्टा तुटला. नवीन बसवला तर डेक हळू चालू लागला. मोटारीच्या पाठीमागे एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की वेग कमीजास्त होतो. वेग बरोबर आहे की नाही हे बघायला टेस्ट कॅसेट असते. ती कपाटात कुठेतरी होती. शोधायचा कंटाळा केला. माझा कान चांगला आहे, असं मला तेव्हाही वाटायचं. कानाला बरं लागेपर्यंत मी स्क्रू फिरवला होता.

मी आणखी तीन गाणी मोजली. मामाचं, केळीच्या बागेचं, मेव्हण्याचं. साडेचोपन्न, साडेचोपन्न, साडेचोपन्न. माझा सगळा सिद्धांत त्या स्क्रूवर उभा होता. दशकाला कसलीही घाई नव्हती.

दहा चाळीसला मी पराग सरांना आत बोलावून सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसले, मग उठले.

"हे एअरवर बोलायचं नाही."

"सर, चूक आपली आहे."

"आपली नाही, तुमची. पण नाव स्टेशनचं जाईल. जाहिरातवाले ऐकतात. ओरिजिनल वाजवूच नका. बाईंना सरळ गाऊ द्या, त्यांच्या पट्टीत. चांगलं म्हणा आणि मोकळ्या व्हा."

"लोकांच्या मोबाइलवर आपलीच क्लिप आहे. ते ताडून बघतील. म्हणतील आवाज जुळत नाही, अक्का बरोबर बोलली. बाई कायमची खोटी ठरेल."

"तो आपला प्रॉब्लेम नाही."

रंजनाबाई पेटीपाशी बसून हे सगळं ऐकत होत्या.  सर बाहेर गेले.

गाण्याचा वेग उतरवणं दोन मिनिटांचं काम. मी घरघर पन्नासवर आणली आणि गाणं लावलं. ढोलकी सावकाश चालू लागली. आवाज खाली आला, भरला, आणि त्यात एक बाई उभी राहिली. रंजनाबाईंनी पेटीवर काळी चार दाबली. तंतोतंत. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"हाऊ मना आवाज शे, माझाच आवाज," त्या म्हणाल्या. रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही. मला मात्र रडू आलं आणि त्याची लाजही वाटली.

अकरा वाजले. लाल दिवा लागला. फेडर म्हणजे आवाज वरखाली करायची सरकपट्टी, ती मी वर केली आणि क्षणभर काहीच बोलले नाही. रेडिओत याला डेड एअर म्हणतात. नोकरी जायला पुरेशी गोष्ट आहे ही. काचेपलीकडे सर हाताने खुणावत होते, बोला, बोला.

"नमस्कार. मी अक्का. मागच्या आठवड्यात मी एका गाण्याबद्दल जे बोलले ते चुकीचं होतं. गाणं चुकीचं नव्हतं. आमच्या मशीनचा वेग चुकला होता, आणि तो मीच चुकवला होता. आधी चुकलेलं ऐका, मग बरोबर केलेलं ऐका, आणि मग त्या बाई स्वतः गातील. तीनही ऐका."

सरांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. आत मात्र आले नाहीत. लाल दिवा लागल्यावर आत कुणी येत नाही, एवढी शिस्त आमच्याकडे आहे.

दोन्ही वाजवली. मग रंजनाबाईंनी पेटी ओढली आणि डोळे मिटून सुरुवात केली. पहिली ओळ थोडी दबकत. दुसरीपासून बाईंनी गाणं ताब्यात घेतलं. चुलीशी बोल, ही ओळ त्या तीनदा म्हणाल्या, तिन्ही वेळा वेगळी. मी इतकी वर्षं त्या ओळीत फक्त चिरकेपणा ऐकत होते. शेवटच्या अंतऱ्यात एका जागी त्यांचा दम संपला, सूर किंचित खाली घसरला. त्यांनी सावरला.

गाणं संपलं. फोनचे दिवे लुकलुकत होते. पहिल्या लाइनवर धुळ्याचा नंबर होता. मी फोन घ्यायच्या आत रंजनाबाई माइकमध्येच म्हणाल्या, "अक्का, तुम्ही सगळ्यांच्या गाण्यावर मत देता. आता माझ्यावर द्या. खरं सांगा."

पलीकडे आबा लाइनवर ऐकत होते. पोस्टरला पाऊण तास होता. "अप्रतिम" म्हणून मोकळं होता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण बाईंनी खरं मागितलं होतं.

"शेवटच्या अंतऱ्यात दम कमी पडला," मी म्हणाले. "सूर एकदा उतरला. बाकी, या सगळ्या दशकात मी यापेक्षा चांगलं गाणं ऐकलेलं नाही."

रंजनाबाई मोठ्याने हसल्या. "खरं शे! तिथं मी श्वास घ्यायला विसरले."

मी फोन घेतला. आबांचा आवाज जाड, रागीट.

"अक्का, मागला आठवडाले तुम्हीन एक सांगं, आज दुसरं सांगतस. आम्हीन कोनतं खरं मानानं?"

"माझं काहीच मानू नका आबा. तुम्ही त्यांना आत्ता ऐकलंत, तेवढंच माना."

 मी सेकंद मोजत होते. रंजनाबाईंनी पेटीचा भाता घट्ट धरून ठेवला होता.

"बठ्ठं आयकं," आबा म्हणाले, म्हणजे सगळं ऐकलं. "दम कमी पडना, हाई बी तुम्हीन सांगी टाकं. नुसतं गोड बोलतात ना, तर मी फोन ठेवी देतू. रंजनाताई, फोटो धाडा. पोस्टर छापाले धाडस."

कार्यक्रम झाला. मी गेले होते, मागच्या रांगेत बसले. हॉल भरला होता. शेवटच्या अंतऱ्याला बाईंनी बरोबर श्वास घेतला.

मला मेमो मिळाला. त्यात "अनधिकृत निवेदन" असा शब्द होता. 'खरं सांगू का' बंद झालं आणि मला परत लायब्ररीत बसवलं. तक्रार नाही. पहिल्याच दिवशी कपाट उपसून टेस्ट कॅसेट शोधली. कपाटातच होती.

मग मी यादी काढली. त्या दोन खोक्यांतल्या एकोणीस गाण्यांवर मी एअरवर मत दिलं होतं. सगळी पुन्हा, बरोबर वेगाने ऐकली. काही तरीही वाईटच निघाली, हेही सांगायला हवं. मेव्हण्याचं गाणं कुठल्याही वेगाने ऐका, सहन होत नाही. पण सातआठ चांगली होती. त्यातलं एक फारच चांगलं होतं. गाणारे भडगावकडचे. नंबर मिळवला, फोन केला, चूक सांगितली, माफी मागितली. ते म्हणाले, "असू द्या अक्का. तुमचं ऐकून मलाही तसंच वाटलं होतं. पेटी विकून टाकली."

कुणाच्या कलेबद्दल मत देण्याआधी आपण ते नीट ऐकलं आहे का एवढं तपासावं, इतकाच धडा. रंजनाबाई आल्या म्हणून मला तो कळला. बाकीचे अठरा जण आले नव्हते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.