तीन मेची नोंद

आमच्या शाळेच्या बांधकामावर सिमेंटपेक्षा कागदाला जास्त जपणारी बाई एकच, दोन्या तोमासा, म्हणजे तोमासाबाई. ठेकेदार लेओबार्दो मेस्त्रोंची ती कारकून. तिच्या पत्र्याच्या खोलीत करारनामा, नकाशे, पावत्या, सगळ्याच्या तीन-तीन प्रती, आणि टेबलावर कामाची वही. दिवसभरात जे घडेल ते त्या वहीत जायचं. संध्याकाळी सरकारी इंजिनियरची सही घेतल्याशिवाय बाई त्याला गाडीत बसू द्यायची नाही.

"दोन्या, मी शिंकलो, लिहा!" मी परांचीवर लोखंड बांधता बांधता ओरडायचो.

"किती वेळा, सिप्रियानो?" ती खिडकीतून विचारायची.

खरं सांगतो, मला तिचा रागच यायचा. खिळ्यांच्या एका पुड्यासाठी दोन सह्या मागणाऱ्या बाईचा कुणाला येणार नाही?

करारात मुदत होती एकशे वीस दिवसांची. पाळली तर वरच्या मजल्याचं कामही आम्हालाच. चुकली तर ते दुसऱ्या ठेकेदाराला, आणि आम्ही तीस जण पुन्हा घरदार सोडून राजधानीला. शेवटचा रंग मारून मेस्त्रो किल्ल्या घेऊन उभे राहिले, तेव्हा इंजिनियर उर्रुतियांनी कॅलेंडर चाळलं.

"एकशे एकवीस. मला वाईट वाटतं मेस्त्रो, पण एक दिवस उशीर तो उशीरच."

मेस्त्रोंच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्या डोळ्यांपुढे बायकोचा चेहरा आला.

तोमासा मात्र वहीची पानं उलटत होती. "तीन मेला काम बंद होतं," ती म्हणाली.

"ते तुम्ही बंद ठेवलंत. दिवस मोजला जाणारच."

"कलम अकरा. इंजिनियरच्या संमतीने बंद ठेवलेला दिवस मुदतीत धरायचा नाही."

"मी कधी दिली संमती?"

आता तीन मे म्हणजे पवित्र क्रुसाचा दिवस. त्या दिवशी आमच्यातला कुणी थापीला हात लावत नाही. छपरावर फुलांनी मढवलेला क्रूस चढतो आणि खाली जेवणावळ उठते. त्या धामधुमीतही बाई वही बगलेत मारून फिरत होती, आणि आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

तोमासाने चष्मा पुसला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "'सकाळी नऊ. क्रूस इंजिनियरांच्या हस्ते चढवला. ते म्हणाले, आज कुणी कामाला हात लावला तर याद राखा. दुपारी एक. इंजिनियर तीन ताटं मोलेचा तिखट रस्सा आणि भात जेवले. चार वाजता माझ्याबरोबर नाचले. माझ्या पायाची दोन बोटं चेचली.' खाली सही आहे. कुणाची ते वाचू?"

सगळे फिसकन हसले. उर्रुतियांचे कान लाल झाले.

"ताटं दोनच होती," ते पुटपुटले.

"तीन. वाढायला मीच होते."

शेवटी तेही हसले, आणि त्यांनी एकशे वीस लिहून सही ठोकली. मेस्त्रोंनी टोपी हवेत उडवली. मी डोळे पुसत खोलीच्या दाराशी गेलो.

"दोन्या, आजचं काय लिहिलंत?"

तिने वही माझ्याकडे फिरवली. 'लोखंड बांधणारा सिप्रियानो रडला. एकदा.'

मग तिने पेन पुढे केलं. मी मुकाट्याने सही केली.