फुटपट्टीने बांधलेली गाण्याची खोली

आमच्याबरोबर पत्र्याची पिंपं ठोकणारा एक जण होता. त्याला सगळे फुटपट्टी म्हणायचे. पिंपाची कड तो अंगठ्याने तपासायचा आणि केसभर फरक सापडला तरी पिंप परत ठोकायला घ्यायचा. साहेबांनी पास केलेलंसुद्धा. साहेब चिडायचे आणि शेजारी उभे असलेले आम्हीही चिडायचो, कारण त्याच्या पिंपाशेजारी आमचं पिंप लगेच ओळखू यायचं.

कारखान्याच्या शेडमध्ये ठोकण्याच्या गोंगाटात तोंडाने बोलून उपयोग नसे. आम्ही हातवारे करायचो, ओठ वाचायचो. कानात घालायला कापसाचे बोळे मिळत, त्यांनी आम्ही हात पुसायचो. एका नव्या माणसाने ते खरंच कानात घातले, तेव्हा आमच्यातल्या ढोल्याने त्याला विचारलं, "बाळाला पाळणा बांधू का?" त्याने दुसऱ्या दिवसापासून घातले नाहीत. फुटपट्टीने तर कधीच घातले नव्हते. पत्रा नीट बसला की ठोक्याचा आवाज बदलतो, तो मला ऐकायचा असतो, असं तो सांगायचा. सुरुवातीच्या वर्षांत त्याला तो ऐकू येतही असेल.

त्याला मूल फार उशिरा झालं. एकच मुलगी. ती गाते, आणि चांगली गाते, हे त्याला शाळेतल्या बाईंनी सांगितलं. मग तो ते सगळ्यांना सांगू लागला.

आम्ही निवृत्त झालो त्या सुमारास एका मोठ्या गायनपथकात जागा निघाल्या. पगार होता, गावोगाव कार्यक्रम होते. तीन गाणी रेकॉर्ड करून पाठवायची आणि त्यावरून निवड. वयाची अट होती. मुलीचं ते शेवटचं वर्ष होतं. ही संधी गेली की पुन्हा नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्याचा मेहुणा लाउडस्पीकर दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "दाजी, माझ्या ओळखीचा स्टुडिओ आहे. दोन तास देतील. मी घेऊन जातो तिला."

"दुसऱ्याच्या घड्याळाकडे बघत पोरगी गाणार?" फुटपट्टी म्हणाला. "खोली मी करतो."

"खोली कराल हो. पण पुढचं?"

"पुढचंही मीच."

घरामागे अडगळीची खोली होती. ती आम्ही रिकामी केली. मी रोज जायचो, फळ्या धरायला आणि शिव्या खायला. हाताशी पैसे नव्हते, म्हणून नवं काही आणायचं नाही असं ठरलं होतं. यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या भंगारातून आणल्या, खिळे काढून सरळ केले. त्यांच्या चौकटी केल्या. जुन्या गाद्या फाडून कापूस हाताने पिंजला, चौकटीत भरला, वरून धुतलेलं गोणपाट ताणून मारलं. चौकटी भिंतीला चिकटवायच्या नाहीत, मागे चार बोटं जागा सोडायची. कोपऱ्यात दुप्पट जाड लावायच्या, कारण जड आवाज कोपऱ्यात साठतो. हे त्याने कुठेतरी वाचलं होतं आणि वाचलेलं तो तंतोतंत करायचा. मी एक चौकट बोटभर तिरकी लावली, तर त्याने ती माझ्यासमोर उतरवली आणि पुन्हा मारली. दिवसभराची माझी मेहनत त्याने खिळ्यासारखी उपटून टाकली.

ढोल्या अंड्यांचे रिकामे ट्रे घेऊन आला. "सगळे हेच लावतात."

"कोंबड्या लावत असतील," फुटपट्टी म्हणाला. "आवाजाला जाडी लागते. ने परत."

दाराच्या कडेला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या मारल्या. खिडकी विटांनी बुजवली. जुना कॉम्प्युटर घरघर करायचा, तो बाहेरच्या बाजूला ठेवून वायरी भिंतीतून आत घेतल्या आणि भोक लांबी भरून बुजवलं. माइकला स्टँड नव्हता, बिघडलेल्या उभ्या पंख्याचा दांडा घेतला. माइकवर श्वास आपटू नये म्हणून वहिनींच्या पिठाच्या चाळणीची जाळी काढून तिथे पातळ कापड ताणलं. वहिनींनी विचारलं, "आता पीठ कशाने चाळू?" त्याने कापड आणखी ताणलं. जुने दोन स्पीकर विटांवर, कानाच्या उंचीला ठेवले. खुर्चीपासून दोन्हींचं अंतर त्याने दोरीने मोजलं.

खोली घुमते का हे टाळी वाजवून बघायचं असतं. ते काम तो मुलीला सांगायचा. ती एकेका कोपऱ्यात उभी राहून टाळी वाजवायची. "इथे अजून टणटणतंय," म्हणाली की तिथे तो आणखी एक चौकट लावायचा. शेवटी ती म्हणाली, "आता कुठेच नाही." खोली पूर्ण झाली. तिचे कान आणि त्याचे हात, म्हणून खोली खरंच चांगली झाली होती. मी आयुष्यभर काम बघितलंय. त्या खोलीत कामचुकारपणा कुठेच नव्हता.

रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद ठेवावा लागे. मुलगी घामाघूम होऊन गायची. तीन गाणी त्याने तिच्याकडून कितीदा गाऊन घेतली, देव जाणे. तिने कधी कुरकुर केली नाही.

मग गाणी नीट करायला तो बसला, आणि आता कोणाला विचारायचं कारण उरलं नाही. खोली तिच्यासाठी होती म्हणून तिला विचारलं होतं. हे यंत्राचं काम होतं आणि यंत्राचं काम त्याचं.

"आवाज पांघरुणाखाली असल्यासारखा आहे," तो म्हणाला. त्याने कॉम्प्युटरवर वरच्या, बारीक आवाजाची पट्टी वाढवली. "अजून आहे." अजून वाढवली.

"बाबा, आता टोचतंय," मुलगी म्हणाली. "प्रत्येक 'स' सुईसारखा लागतोय."

"तुझे कान अजून कच्चे आहेत."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात गेल्या. तो पाठ करून बसला होता, म्हणून त्याने ते बघितलं नाही. मी बघितलं. वहिनींचं डोकं दुखत असेल असं मला वाटलं.

खात्री करायला म्हणून त्याने आम्हा शेडवाल्यांना बोलावलं. आम्ही पाच जण त्या खोलीत दाटीवाटीने बसलो आणि त्याने गाणं लावलं. मला ते फार आवडलं. काच पुसून समोर धरावी तसं. शब्द न् शब्द कळत होता. घरात टीव्हीवरचं बोलणंही मला इतकं स्वच्छ ऐकू येत नाही.

"एक नंबर," ढोल्या म्हणाला.

मुलीने त्याला विचारलं, "काका, तुम्हाला टोचत नाही?"

"टोचलंच पाहिजे. गाणं आहे ते, गादी नाही."

आम्ही हसलो. पाचही जणांनी पास केलं. पाचही जण एकाच शेडमधले, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. मुलगी आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिली आणि मग उठून गेली.

त्याच दिवशी त्याने गाणी पाठवली. आणि काम संपलं की टेबल साफ करायचं ही कारखान्याची शिस्त, म्हणून कॉम्प्युटरमधलं बाकी सगळं पुसून टाकलं. कच्ची रेकॉर्डिंगं त्याच्या हिशेबाने कापून उरलेला पत्रा होती.

काही दिवसांनी पथकाच्या कचेरीतून फोन आला, येऊन भेटा. फुटपट्टीने शर्टाला इस्त्री केली. घरात केलेलं काम आहे म्हटल्यावर त्यांना करणाऱ्याला भेटायचं असेल, असं त्याने मला सांगितलं. मुलीबरोबर मलाही चल म्हणाला.

टेबलामागे एक तरुण आणि एक तरुणी बसली होती. तरुणाने विचारलं, "हे रेकॉर्डिंग कोणी केलं?"

"मी," फुटपट्टी म्हणाला. "खोलीसकट."

"काका, तुम्ही काय काम करायचात?"

"पत्र्याची पिंपं."

"अजून तीच वाजतायत," तरुण तरुणीकडे बघून म्हणाला. तिने हसू दाबायला खोकल्याचं सोंग केलं. ते खोकल्यासारखं अजिबात नव्हतं. फुटपट्टीही हसला, कारण समोरचे हसत होते. त्याला शब्द कळले नव्हते. मी तरुणाच्या तोंडाकडे बघत होतो, म्हणून मला कळले. मुलीला बघायची गरज नव्हती. तिची मान खाली गेली.

तरुणी मुलीला म्हणाली, "तुझा आवाज चांगला असेलही. यात काही कळत नाही. आम्हाला मध्येच हेडफोन काढावे लागले. काही न केलेलं मूळ रेकॉर्डिंग आहे ना? ते संध्याकाळपर्यंत पाठव."

मुलीचा चेहरा उजळला. तिने वडिलांकडे वळून तेच मोठ्याने सांगितलं.

"ते पुसलं," तो म्हणाला.

"सगळं?"

"काम झालं होतं ना."

तरुण म्हणाला, "मग नवीन करा. संध्याकाळी यादी बंद होते. नंतर आलेलं मी उघडणारही नाही."

वाटेत तिने मामाला फोन केला. आम्ही घरी पोचलो तेव्हा तो दारातच उभा होता. फुटपट्टी त्या खोलीकडे निघाला, तर मुलगी त्याच्या आधी पोचून दारात उभी राहिली.

"बाबा, तुम्ही बाहेर थांबा."

"वायरी कशा जोडल्यात ते मलाच माहीत."

"मामाला कळतं ते."

"खोली माझी आहे."

"खोली चांगली आहे. तुम्हाला ऐकू येत नाही."

"मला सगळं ऐकू येतं," तो म्हणाला. "तुझ्यासारख्या दहा जणींचं ऐकू येतं."

तिने तोंडावर हात आडवा धरला आणि हाताआडून काहीतरी म्हणाली. मग हात काढून विचारलं, "काय म्हणाले मी?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मलाही काही ऐकू आलं नव्हतं. शेवटी मागे उभ्या असलेल्या वहिनी चढ्या आवाजात म्हणाल्या, "अहो, ती म्हणाली, पाया पडते, बाजूला व्हा."

तो बाजूला झाला. मामा आणि भाची आत गेली, दार लागलं. फुटपट्टी अंगणातल्या पालथ्या बादलीवर बसला. आतलं काहीच बाहेर येत नव्हतं. वहिनी दाराला कान लावून बघत होत्या, त्यांनाही ऐकू येत नव्हतं.

ऊन कलताना मेहुणा घाम पुसत बाहेर आला. "दाजी, खोली मात्र अव्वल आहे. मला काही करावंच लागलं नाही. जसं गायली तसंच ठेवलंय."

फुटपट्टी म्हणाला, "ऐकू दे."

मुलीने स्वतः त्याच्या कानांवर हेडफोन ठेवले. तो डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "दबलंय. वरचं सगळं गेलं. हे पाठवू नका."

तिने हेडफोन काढून घेतले. मामाला म्हणाली, "पाठव."

तिची निवड झाली. ती गेली. जाताना पाया पडली, पण खोलीत पुन्हा डोकावली नाही.

मेहुण्याने ती खोली चालवायला घेतली. त्याची अट एकच होती: दाजींनी यंत्राला हात लावायचा नाही. गाणारे येतात, खोलीची तारीफ करतात. काही जण आपल्या घरी तशी खोली करून मागतात. फुटपट्टी जाऊन करून देतो, तशीच केसभरही फरक न ठेवता, आणि काम झालं की बाहेर येतो. आत बसून ऐका, असं त्याला कोणी म्हणत नाही. त्याने एकदा कानांचा डॉक्टर गाठला. गेलेलं परत येत नाही, एवढं ऐकून आला. ढोल्या त्याला म्हणाला, "तुझंच चांगलं होतं रे. त्या पोरांना गाण्यातलं काय कळतं?" फुटपट्टी त्याच्याशी बरेच दिवस बोलला नाही.

परवा पथकाचा कार्यक्रम आमच्याकडे झाला. मुलीने पास पाठवले होते. वहिनी आणि मेहुणा पुढे बसले. आमचे दोन पास शेवटच्या रांगेचे होते. बाबा मोठ्याने बोलतात, त्यांना मागे बसव, असं तिने आईला फोनवर सांगितलं होतं. वहिनींनी ते मला सांगितलं. त्याला, गर्दी आहे म्हणून, असं सांगितलं.

पथकात चाळीसेक माणसं होती, एका रंगाच्या कपड्यांत. मुलगी मागच्या ओळीत उभी होती. गाणं सुरू झालं आणि फुटपट्टीने मला विचारलं, "यात तिचा आवाज कुठला?"

"मला काय विचारतोस? मला सगळ्यांचा मिळून एकच ऐकू येतो."

"आत्ता जो वर गेला तो तिचा का?"

पुढच्या रांगेतला माणूस वळला. "आजोबा, गप्प बसा की जरा."

"माझी मुलगी आहे ती. मागच्या ओळीत."

"मुलगी आहे ना? मग ऐका."

टाळ्या झाल्या तेव्हा पुढच्यांचे हात बघून फुटपट्टीनेही वाजवल्या, थोड्या उशिरा. पुढचं गाणं सुरू झालं तेव्हा तो मान पुढे काढून तिच्या ओठांकडे बघायला लागला. शेडमध्ये आम्ही तसंच बोलणं वाचायचो. शेवटच्या रांगेतून ओठ दिसत नाहीत. कार्यक्रम संपेपर्यंत त्याने मान मागे घेतली नाही.