लहान कर

अकोल्याच्या माझ्या धाकट्या भावानं माझ्या कम्प्युटरवर एक सोय करून दिली होती. दोन बटणं दाबली की पडद्यावर एक पट्टी उघडायची. तीत फाइलचं नाव टाकलं की खाली त्यानं स्वतः लिहिलेल्या कामांची नावं यायची. त्यातलं हवं ते निवडून एंटर मारायचं. राजापेठेत गणिताची शिकवणी घेणाऱ्या माझ्यासारख्या बाईला एवढं जमायलाच हवं होतं.

आईचा चिखलदऱ्याचा फोटो मोठा असल्यानं मेलनं जात नव्हता. मी तो पट्टीला दिला, ‘लहान कर’ निवडलं आणि एंटर मारलं. पट्टी गायब. आवाज नाही, ‘झालं’ नाही. फोटो पट्टीला पोचला की नाही, हे विचारायचं तरी कोणाला? मी पुन्हा दिला. पुन्हा तेच. मग माझं डोकं फिरलं आणि मी देतच राहिले. शेवटी फोटो उघडून पाहिला, तर आई तांदळाच्या दाण्याएवढी.

भावाला फोन लावला.

“ताई, दर डावाले फोटो निम्मा होते. तू काहून दाबून राहिली?”

“मले वाटलं, त्याले ऐकूच नाही गेलं.”

“गेलं होतं ना.”

“मंग तसं सांगावं ना त्यानं.”

मूळ फोटो त्याच्याकडे होता, तो त्यानं एकदाच लहान करून पाठवला. आता काम संपलं की पडद्यावर ‘झालं, ताई’ असं येतं.

परवा फोनवर त्याला विचारलं, जेवला का. पलीकडे शांतता. मी पुन्हा विचारलं. मग पुन्हा.

“मान हलवली ना मी,” तो म्हणाला.