दांडा आत, तेल वर

लग्न होऊन शहाडला आले, तेव्हा सासरच्या परसात मी एक अजब यंत्र पाहिलं. लोखंडी चौकट, तेलाची टाकी, मोटर आणि एका जाड दांड्याच्या टोकाला पाचर. लिव्हर ओढली की तेलाच्या दाबाने दांडा पुढे सरकायचा आणि बाभळीचा ओंडका कडाडून फुटायचा. बंबाची लाकडं फोडायला एवढा खटाटोप! मला हसूच आलं. पण दुसऱ्या दिवसापासून चहाचा कप घेऊन मीच तिथे उभी. नवी सून चुलीपेक्षा टाकीत जास्त डोकावते, याचं सासूबाईंना नवल वाटे.

सासरे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तेलाच्या दाबावर चालणारी प्रेस चालवायचे. खांदा दुखावला आणि त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. घरी कुऱ्हाड उचलवेना, तिकडे मशीनला हात लावायला मिळेना. तेव्हा त्यांनी भंगारातून सुटे भाग आणून हे यंत्र जुळवलं. चालवायला त्यांच्याकडे एवढं एकच मशीन उरलं होतं.

खंडेनवमीला घरातली हत्यारं घासूनपुसून मांडली. यंत्राचीही पूजा होतीच. सासूबाईंचे गुडघे धरलेले, मागे कोपऱ्यातल्या पाचरीपर्यंत त्यांना वाकवेना. म्हणून सासऱ्यांनी दांडा पूर्ण बाहेर काढला, पाचर त्यांच्या पुढ्यात आणली. हळदकुंकू झालं, झेंडूचा हार झाला. मग सासूबाई म्हणाल्या, "अहो, टाकी भरलीय ना? पूजेला भांडं अर्धं ठेवू नये." सासऱ्यांनी पट्टी बुडवून पाहिली. तेल कमी दिसलं, तसं त्यांनी ते काठोकाठ भरलं.

दसरा झाल्यावर मोटर चालू केली. दांडा मागे गेला आणि टाकीच्या झाकणातून भसाभस फेस! दूध उतू जावं तसा तो ओघळत थेट तुळशीपाशी पोचला. सांडलं तेवढं तेल सासऱ्यांनी पुन्हा भरलं, पुन्हा फेस आला. तेल बदललं, हवा शिरत असेल म्हणून सगळे जोड आवळले, तरी तेच. कुंकू लावलेली पाचर कोपऱ्यात कशी ढकलायची, म्हणून काम थांबलं की दांडा मात्र ते बाहेरच ठेवत.

शेवटी सासूबाई कडाडल्या, "दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचं पाणी ह्याच्या लाकडांवर तापलं तर ठीक. नाहीतर भंगारवाला बोलावते." सासरे ताटावरून लवकर उठले. मला फार वाईट वाटलं.

माझं डोकं एकाच गोष्टीत अडकलं होतं. फेस दांडा मागे जातानाच का येतो? पुढे येताना तर कधीच नाही. मी पट्टी मागून घेतली. दांडा बाहेर असताना बुडवली, मग तो आत घ्यायला लावून पुन्हा बुडवली. तेल चांगलं चार बोटं वर चढलेलं!

"बाबा, दांडा आत जातो तेव्हा त्याला ढकलणारं तेल कुठे जातं?"

"कुठे जाणार? परत टाकीत." आणि बोलता बोलता ते थांबले. "अगं, म्हणजे मी काठोकाठ भरलेल्या बादलीत तांब्या बुडवत होतो की! कारखान्यात तेल बघायला दुसरा माणूस असायचा. मी आपली जन्मभर लिव्हर ओढली." आणि किती तरी दिवसांनी ते खदखदून हसले.

दांडा आत ठेवून आम्ही जास्तीचं तेल उपसलं, टाकीत वर थोडी जागा सोडली, फेस बसायला एक दिवस दिला. मग ओंडके फुटू लागले. पहिल्या आंघोळीला बंब धडधडला. सासऱ्यांच्या पाठीला उटणं लावताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पाणी छान कढत झालंय." भंगारवाल्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढच्या खंडेनवमीला सासऱ्यांनी सवयीने लिव्हरला हात घातला. सासूबाईंनी अडवलं.

"राहू दे आत. मी वाकते."

एक हात माझ्या खांद्यावर, एक भिंतीवर टेकवत त्या कण्हत खाली बसल्या आणि कोपऱ्यात हात घालून पाचरीला कुंकू लावलं. उठायला मी हात पुढे केला. तो बाजूला सारून त्यांनी सासऱ्यांचा हात मागितला.