विलायतेचा मुक्काम

ओतूरच्या बाजारात खोगिरं शिवणाऱ्या चाचांनी समुद्र पाहिला नव्हता. एका साहेबानं त्यांना विलायतेच्या समुद्रकाठच्या चित्रांचं पुस्तक दिलं होतं. ऊन तापलं की चाचा मला, गावच्या शाळामास्तराला, जवळ बसवून पुस्तक उघडत आणि चित्रांत मुक्कामाची जागा शोधत.

"मास्तर, हे हाटेल नगं. घोडी बांधायला जागाच न्हाई. आन् ह्याच्या तर दारातच लाटा!"

शेवटी त्यांनी कोपऱ्यातलं छोटं घर पक्कं केलं. दारात एक म्हातारी उभी होती.

"हिच्याकडंच उतरू. हाटेलात कोण इचारतंय, जेवला का म्हणून?"

तेव्हापासून म्हातारीसाठी गुळाची ढेप त्यांच्या फळीवर असे. गुऱ्हाळं लागली की जुनी ढेप ते आम्हाला वाटून टाकत आणि नवी बांधून ठेवत.

"पावण्यानं शिळा गूळ न्यावा व्हय?"